शाळेपुरती सही

हासिंता सात वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, ऊन असं की कोंबड्यासुद्धा घराखालच्या सावलीत पंख पसरून पडलेल्या. हासिंता आतल्या खाटेवर डोळे मिटून पडली होती, झोपली मात्र नव्हती. पुन्ता ब्रावातली घरं लाकडी खांबांवर उभी, भिंती बांबूच्या चिपांच्या. त्या भिंतींना वारा अडत नाही, बोलणं काय अडणार. पलीकडे तिचे आईबाप भांडत होते.

बाप म्हणजे आठवड्यातून दोनदा येणारा माणूस. खेचरावर मिठाच्या गोण्या लादून गावोगाव विकायचा. वर डोंगरात त्याचं दुसरं घर होतं, तिथे लग्नाची बायको आणि पाच पोरं. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पुन्ता ब्रावात लग्न लावून संसार थाटलेली घरं मोजायला एका हाताची बोटं पुरली असती. पाद्री वर्षातून तीनदा यायचा, त्याच्या वाटेकडे डोळे लावून कोण बसणार.

"उद्या मांताच्या कचेरीत जातो आणि पोरीला माझ्या नावावर लिहून टाकतो," बाप म्हणत होता.

"काही जायचं नाही," आई म्हणाली. ओब्दुलिया तिचं नाव.

"अगं, मी देतोय. मागत नाहीये काही."

"आज देशील. उद्या त्या घरी पोरं सांभाळायला माणूस कमी पडलं की तोच कागद नाचवत येशील आणि हिला घेऊन जाशील. माझी आहे तशी बरी आहे. नाव नाही, पण माझ्याजवळ आहे."

"आणि शाळेत बाप कुठे म्हणून विचारतील तेव्हा?"

"सांगेन, मीठवाला होता, पहिल्या पावसात विरघळला."

बाप शिडी उतरला. त्यानंतर त्याचं येणं आठवड्यातून एकदा झालं, मग महिन्यातून, आणि मग ओब्दुलियाने म्हटल्याप्रमाणे तो विरघळलाच. हासिंताने त्या दिवशी सगळं ऐकलं, पण लक्षात राहिलं अर्धंच. बाप देत होता आणि आईने घेतलं नाही, एवढंच.

शाळेत गेल्यावर त्या न घेतलेल्या वस्तूची किंमत कळायला लागली. इतर मुलांना दोन आडनावं, एक बापाचं, एक आईचं. हासिंताला आईचीच दोन्ही लागली होती, मेरो देल्गादो, जशीच्या तशी. कागद वाचणाऱ्याला आई आणि मुलगी या सख्ख्या बहिणी वाटायच्या. नवीन मास्तर आला की हजेरी घेताना थांबायचा आणि विचारायचा, घरी पालक म्हणून थोरली बहीणच आहे का. मुलं बाकाखाली तोंड घालून हसायची. ओब्दुलिया पालकसभेला गेली की मागून कोणीतरी हळूच म्हणायचं, आली बघ ताई. मुलांचं हसणं दोन दिवसांत विरायचं, पुढचा मास्तर येईपर्यंत. मास्तर मात्र दरवर्षी नवा यायचा, आमच्या गावात टिकतो कोण.

सहावी झाल्यावर शाळा सुटली आणि हासिंता आईबरोबर चुलीपाशी बसली. मांताकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बस थांबते तिथे, मायलेकी कॉर्विचे विकायच्या. कच्चं केळं किसून त्यात शेंगदाण्याचं वाटण मिसळायचं, पोटात मासा भरायचा, हाताने लांबट वळायचं आणि तळायचं. पंधराव्या वर्षी हासिंताचा हात आईपेक्षा चांगला बसला होता. बसचे ड्रायव्हर तिच्या कढईसाठी कोणी उतरणारं नसतानाही थांबायचे.

एकोणतिसाव्या वर्षी तिला दिवस गेले. माणूस ट्यूनाच्या मोठ्या बोटीवरचा, वाल्तेर म्हणून. तो बोटीवर चढला तो पनामाच्या बाजूला कुठेतरी उतरला आणि तिकडचाच झाला. हासिंताने त्याच्या नावाने फार अश्रू गाळले नाहीत. पण मुलगी झाली आणि तिने एकच गोष्ट धरली. ही आपल्यासारखी वाढणार नाही. हिला बापाचं नाव लागेल.

"दोन माझी नावं लागली म्हणून तू मेलीस का?" ओब्दुलिया विचारायची.

"मेले नाही," हासिंता म्हणायची, "पण तुझी बहीण होऊन जगले."

शेजारी चाळीस पावलांवर निकानोर किहिहे राहायचा. होड्यांच्या फळ्यांमधल्या फटीत लाकडी हातोड्याने कापूस ठोकून वर डांबर भरायचा त्याचा धंदा. त्याच्या हातून गेलेली होडी गळत नाही, हे किनाऱ्यावर कोणीही सांगेल. चाळिशीला टेकलेला, अबोल, आई जिवंत असेपर्यंत तिच्या मागेपुढे करण्यात लग्नाचं वय निघून गेलेला. रोज सकाळी दोन कॉर्विचे खायचा. हासिंताच्या पोरीचा धर्मपिता त्यानेच व्हायचं ठरलं होतं. पाद्री बाप्तिस्म्याचं पाणी घालताना मुलाला धरणारा जो धर्मपिता, तो आईचा कोंपाद्रे होतो, आणि ते नातं सख्ख्या भावापेक्षा जड. पाणी पडायच्या आधीपासूनच हासिंता त्याला कोंपाद्रे म्हणायला लागली होती.

पोरीची नोंद करायला मांताला जायचं तेव्हा ऊन फार, म्हणून छत्री धरायला निकानोर बरोबर गेला. छत्री धरायला गेला, एवढंच. रांगेत तीन तास गेले. खिडकीतल्या कारकुनाने आईचं नाव लिहिलं, जागा लिहिली, तारीख लिहिली आणि मान वर न करता विचारलं, "बाप?"

मागच्या बायका कान टवकारून उभ्या. कारकुनाने पेन उचललं, आता तो तिथे आडवी रेघ मारणार हे तिला दिसलं. तिच्या स्वतःच्या कागदावर तशीच रेघ होती.

निकानोरने छत्री मिटली, खिशातून ओळखपत्र काढलं आणि खिडकीच्या फळीवर ठेवलं. "माझं लिहा."

कारकुनाने तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. माणूस बरा असावा. म्हणाला, "नीट विचार करून सांगा. हे एकदा लिहिलं की परत घेता येत नाही."

"होडीला डांबर भरलं की तेही परत निघत नाही," निकानोर म्हणाला. मागच्या बायका हसल्या, कारकून हसला, हासिंताही रडता रडता हसली. आयुष्यात इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं. पोरीचं नाव पडलं यादिरा किहिहे मेरो. एक बापाचं, एक आईचं, जसं असायला हवं तसं.

परतीच्या बसमध्ये तिने त्याला एवढंच म्हटलं, "कोंपाद्रे, ही सही शाळेपुरती हं."

"शाळेपुरती," तो म्हणाला.

आमच्याकडे असं नाव उसनं देणं नवीन नाही. मामा देतो, आजोबा देतो, बोटीवरचा मित्र देतो. छत्री द्यावी तसं देतात, आणि घेणारीही तशीच घेते. कागदाला मात्र उसनं कळत नाही, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. पहिला धक्का पाद्रीने दिला. बाप्तिस्म्याच्या दिवशी कागद पाहून म्हणाला, हे तर बाप आहेत, बापाला धर्मपिता होता येत नाही, दुसरा माणूस आणा. ऐन वेळी बसच्या ड्रायव्हरला पकडून आणला. निकानोर नवा सदरा घालून मागच्या बाकावर बसून राहिला. हासिंता त्याला तरीही कोंपाद्रेच म्हणत राहिली, पण तो आता कोंपाद्रे नव्हता. काय होता, त्याला गावात शब्द नव्हता.

पहिली वर्षं बरी गेली, उगाच खोटं कशाला बोलायचं. यादिरा दोन्ही घरांत अनवाणी हिंडायची. निकानोरच्या कापसाच्या गोळ्यांवर झोपायची, त्याच्या हातोड्याच्या तालावर जेवायची. बोलायला लागली तेव्हा त्याला बाबा म्हणाली. तिला कोणी शिकवलं नव्हतं, शेजारच्या मुलांचं ऐकून म्हणाली, आणि तो हातातलं काम टाकून बांधाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. हासिंताने ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं. आपण एका एकट्या माणसाचं भलं केलं, असंच तिला वाटलं.

मग शाळेत पालकाची सही लागली की मास्तर निकानोरकडे कागद पाठवायला लागले. पोरीला ताप आला तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या बाईने हासिंताला बाजूला उभं करून विचारलं, वडील कुठे आहेत. पोर्तोव्हिएहोहून एक माणूस येत असे, केळ्यांचा ट्रक चालवायचा, विधुर, बोलायला गोड. दोन महिने तो कढईपाशी उभा राहून खात होता आणि रोज थोडा जास्त वेळ उभा राहत होता. मग त्याने चौकशी केली. पोरीचा बाप शेजारीच राहतो, कागदावर आहे, रोज येतो जातो, असं गावाने सांगितलं. यात खोटं काय होतं? ट्रकवाला वरच्या रस्त्याने जायला लागला.

निकानोर मात्र कधी तिच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. शिडीच्या खालच्या पायरीवर उभा राहून हाक मारायचा. लग्नाचं कधी बोलला नाही, हातही कधी धरला नाही. दारू पिऊन आला असता, ओरडला असता, तर हासिंताने त्याला चार शिव्या घालून मोकळं केलं असतं, गावही तिच्या बाजूने उभं राहिलं असतं. पण चांगल्या माणसाशी भांडण उकरून काढायचं कसं? तो तिच्या घराच्या गळक्या छपराला न सांगता डांबर लावून जायचा.

यादिरा दहा वर्षांची झाली त्या वर्षी स्पेनहून चिठ्ठी आली. मावसबहीण नार्सिसा तिकडे मुर्सियात एका म्हाताऱ्या बाईला सांभाळायची. तिने लिहिलं होतं की त्याच इमारतीत अजून एक म्हातारी आहे, तिच्या मुलांना माणूस हवंय, राहायला खोली देतात, पोरीला शाळा जवळ आहे. पण ऑगस्टपासून आपल्या लोकांना व्हिसा लागणार, त्या आधी विमानात बस. नंतर दार बंद.

तेव्हा अर्धं पुन्ता ब्रावा तिकडे चाललं होतं. बँका बुडाल्या होत्या, आमचं सुक्रे चलन जाऊन डॉलर आला होता आणि माणसं आपली घरं बंद करून किल्ल्या म्हातारीकोतारींकडे देत होती. हासिंताने स्वतःसाठी कधी कशाचा हट्ट धरला नव्हता, याचा धरला. तिकडे तिला कोणी ओळखणार नव्हतं. ती कोणाची अर्धी बायको नसेल, कोणाची बहीण नसेल. तिने कढईसुद्धा कोणाला द्यायची ते ठरवून टाकलं.

प्रवासाच्या कचेरीत तिला सांगितलं की मुलीला देशाबाहेर न्यायचं तर बापाची संमती हवी. नोटरीसमोर सही करायची, दहा मिनिटांचं काम.

ती थेट निकानोरकडे गेली. तो उपड्या होडीखाली पाठीवर पडून काम करत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि होडीखालूनच म्हणाला, "करू की."

सोमवारी जायचं ठरलं. सोमवारी एका नावाड्याची होडी तातडीने आली. गुरुवारी त्याची दाढ दुखत होती. पुढच्या सोमवारी नोटरीच्या दारापर्यंत दोघं गेली आणि तिथे त्याच्या लक्षात आलं की ओळखपत्र घरी राहिलं. त्याने नाही म्हणून एकदाही म्हटलं नाही. जून सरला. नार्सिसाच्या चिठ्ठ्या पातळ होत गेल्या, शेवटची तर दोनच ओळींची होती, येतेस का नाही ते कळव, म्हातारीची मुलं दुसरीला बघतायत.

जुलैच्या पहिल्या रविवारी हासिंता त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. ती त्याच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदा गेली ती तेव्हा. आत भिंतीवर यादिराच्या शाळेतल्या चित्रांची रांग होती, पहिलीपासूनची.

"तुम्ही सही करणार नाही," ती म्हणाली. "तसं सांगा तरी. मी तुमच्या दाढेची चौकशी करायचं थांबवते."

निकानोरने हातातला कापूस खाली ठेवला.

"तू शाळेपुरती म्हणालीस," तो म्हणाला. "मीही शाळेपुरती म्हणालो. पण हासिंता, ती मला बाबा म्हणते तेव्हा शाळेपुरती म्हणत नाही."

"ती तुमची नाहीये, कोंपाद्रे. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. तुला माहीत आहे. आता तिलाही सांगायचं का?"

धमकी नव्हती ती. तो खरोखरच विचारत होता.

ती मांताला गेली. तिथे गरिबांना फुकट सल्ला देणारी एक वकीलबाई होती, वयाने हासिंतापेक्षा बरीच लहान, चष्मा डोक्यावर चढवलेला. बाईने सगळं शांतपणे ऐकलं आणि शांतपणेच सांगितलं की त्या माणसाने आपण बाप नाही हे माहीत असून नाव दिलं, तेव्हा ते आता तो स्वतःसुद्धा काढून घेऊ शकत नाही. तो बाप आहे. तुमचं लग्न झालेलं असो नसो, मुलीवर त्याचा हक्क तुमच्याएवढाच. न्यायाधीशाकडे परवानगी मागता येईल. न्यायाधीश त्याला बोलावतील, मुलीला विचारतील, आणि माणूस चांगला असेल तर मग कठीण आहे.

"आणि तो खरा बाप नाही, असं मी तिथे सांगितलं तर?"

"तर तुम्ही दोघं सरकारी खिडकीत खोटं बोललात, असं होईल. आणि मुलीच्या नावाचं काय व्हायचं ते तिच्यासमोर ठरेल." बाईने चष्मा डोळ्यांवर घेतला. "बाई, तुमचं हे प्रकरण या महिन्यातलं माझ्याकडचं चौथं आहे. पहिल्या तिघींना मी वाईट बापाविरुद्ध लढायला शिकवलं. तुम्हाला काय शिकवू?"

घरी आल्यावर ओब्दुलियाने लेकीचा चेहरा पाहिला आणि भाजीची टोपली खाली ठेवली. म्हणाली, तुझ्या बापाला मी लिहू दिलं नाही ते का, हे आता कळलं असेल.

"मग सांगायचंस की."

"तू कधी विचारलंस?" म्हातारी म्हणाली. "रागावून बसलीस ती बसलीसच."

तरी हासिंताने न्यायाधीशाकडे अर्ज केला, आणि जुलैच्या शेवटी तारीख लागली. निकानोर नवा सदरा घालून आला. तोच सदरा, बाप्तिस्म्याचा, आता पोटावर ताणलेला. यादिराला त्याने सकाळी बोलावून तिचे बूट घासून दिले होते, आईविरुद्धच्या साक्षीला जाताना मुलीचे बूट मळके नकोत म्हणून. माणूस असा होता.

न्यायाधीशबाईने यादिराला आत घेऊन दार लावलं. बाहेर आल्यावर पोरगी दोघांच्या मध्ये येऊन बसली आणि आईच्या कानात म्हणाली, "मी सांगितलं की मला तुझ्याबरोबर विमानात जायचंय आणि बाबाला पण घेऊन जायचंय. चालेल ना?"

मग हासिंताला आत बोलावलं. न्यायाधीशबाईने विचारलं, या माणसाबद्दल काही तक्रार आहे का, मारतो का, पितो का, मुलीकडे दुर्लक्ष करतो का. नाही, नाही, नाही. आणखी काही सांगायचं आहे का.

दार अर्धं उघडं होतं. बाकावर यादिरा पाय हलवत बसली होती आणि बुटाच्या चकाकीत स्वतःचं तोंड बघत होती. निकानोर आतच बघत होता. हासिंता काय बोलणार हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि तो उठलाही नाही, हातही जोडले नाहीत. नुसता बघत होता. एक वाक्य बोललं की दार उघडत होतं. विमान, मुर्सिया, खोली, सगळं त्या एका वाक्याच्या पलीकडे होतं. आणि त्याच वाक्याने ती पोरगी उद्या शाळेत हजेरीला उभी राहणार होती, आपल्या आईची बहीण होऊन.

"नाही," हासिंता म्हणाली. "आणखी काही नाही."

कागद झाला. मुलगी आईकडे राहील. दर शनिवारी सकाळी नऊला आईने तिला बापाच्या घरी पोचवावं, संध्याकाळी पाचला घेऊन यावं. दोघांच्या संमतीशिवाय देशाबाहेर नेऊ नये. चार दिवसांनी ऑगस्ट उजाडला. नार्सिसाच्या इमारतीतल्या म्हातारीला कोलंबियाची एक बाई मिळाली.

आता गंमत बघा. कागद व्हायच्या आधी पोरगी दिवसातून वीस वेळा चाळीस पावलं इकडून तिकडे पळत होती. कागद झाल्यावर तिला पोचवायला लागलं. पहिल्या शनिवारी हासिंता रागाने म्हणाली, कायद्याने सांगितलंय ना, मग कायद्यानेच करू. पोरीला वेणी घातली, हात धरला, चाळीस पावलं चालली आणि नऊला दार वाजवलं. निकानोर आंघोळ करून, भांग पाडून उभा होता. त्या दिवशी हातोडा वाजला नाही. पाचला ती परत दार वाजवायला गेली. गावाने आठवडाभर थट्टा केली, मग गावही सरावलं. आठ वर्षं एकही शनिवार चुकला नाही. हासिंताला पहिला राग कधी गेला ते कळलं नाही, पण सवय राहिली. आठवड्यातला तोच एक दिवस होता जेव्हा आपण कुठे अडकलोय हे तिला पावलं मोजून सांगता येत असे.

लोक विचारायचे, आता त्याच्याशी लग्नच का करत नाहीस, काय राहिलंय. ती म्हणायची, लग्न करणारीला सोडता तरी येतं.

यादिरा अठराची झाली तेव्हा तिला कोणाच्या सहीची गरज उरली नाही. नर्सिंग शिकली, आणखी काही वर्षांनी नार्सिसानेच तिकडे एका वृद्धाश्रमात तिची सोय लावली. जाण्याआधी तिने दोघांना सांगितलं, विचारलं नाही. "मी तुला बोलावून घेईन, मामी," ती आईला म्हणाली. आमच्याकडे आईला मामी म्हणतात. हासिंता म्हणाली, बघू. तिलाही आता कोणी अडवणारं नव्हतं. पण ओब्दुलिया अंथरुणाला खिळली होती, म्हातारीला टाकून कुठे जाणार. मग म्हातारी गेली तेव्हा हासिंताला साखरेचा आजार निघाला, पायाची जखम भरेना. मग भूकंप झाला, सिमेंटची घरं बसली, बांबूची उभी राहिली, आणि निकानोरचा उजवा हात त्यात होडीखाली सापडून निकामी झाला. एका हाताने कापूस ठोकता येत नाही, एका हाताने केळंही सोलता येत नाही. मुर्सियाची चिठ्ठी यायची आणि हासिंता उत्तर द्यायची, या वर्षी जमणार नाही. नंतर नंतर यादिराने विचारणं थांबवलं, कारण आईला नाही म्हणायला लावायचा तिला कंटाळा आला.

तिने एक मोबाइल पाठवला होता, चेहरा दिसणारा. तो हासिंताकडे असायचा. शनिवारी यादिराला सुट्टी, ती फोन करायची, आणि तिकडे दुपार असायची तेव्हा आमच्याकडे नऊ वाजायला आलेले असायचे. निकानोरकडे मोबाइल नव्हता, घ्यायचाही नव्हता. मग हासिंता एका हातात कॉर्विचेचं ताट आणि दुसऱ्या हातात बोलती लेक घेऊन चाळीस पावलं चालायची. वाटेत यादिरा ओरडायची, मामी, मला आभाळ दिसतंय, नीट धर. दार वाजवून हासिंता फोन निकानोरच्या हातात द्यायची आणि परत यायची. बापलेकीचं बोलणं तासाभरात संपायचं, पण फोन ती संध्याकाळी पाचलाच आणायला जायची. एकदा निकानोरने हाक मारून सांगितलं की बोलणं कधीच झालं, घेऊन जा. ती म्हणाली, पाच वाजू द्या, कागदावर पाच आहे.

तिच्या आयुष्यातला शेवटचा शनिवार फेब्रुवारीत आला, तोही असाच होता. पायाची जखम लाल झाली होती आणि अंगात कणकण होती. शेजारणीने सांगितलं की आज राहू दे, फोन मी पोचवते. हासिंता म्हणाली की तुझ्या हातात यादिरा आडवी दिसेल. पहाटेच केळी किसून झाली होती, मासा निवडून झाला होता. सहा कॉर्विचे तळले, चार निकानोरला, दोन झाकून ठेवले. फोन वाजला. यादिरा केस पुसत होती, म्हणाली, मामी, तुझा चेहरा उतरलाय. धुरामुळे, हासिंता म्हणाली, आणि कॅमेरा आभाळाकडे केला.

चाळीस पावलांना त्या दिवशी जरा जास्त वेळ लागला. मध्ये उपड्या होडीला टेकून ती एकदा थांबली, यादिराला समुद्र दाखवतेय असं सांगून. मग दार वाजवलं. निकानोर भांग पाडून उभा होता.

"नऊ वाजून सहा मिनिटं झाली," तो म्हणाला.

"न्यायाधीशबाईला कळवा," ती म्हणाली आणि फोन त्याच्या डाव्या हातात दिला, ताट खुर्चीवर ठेवलं. "वरच्या दोन्हींत काटा राहिला असेल, कोंपाद्रे. हळू खा."

आतून यादिराचा आवाज आला, बाबा, दिसतेय का मी. हासिंता वळली. पाचला यायचंच होतं.